मी डायनासोर सांभाळते

लग्न ठरल्यावर माझ्या होणाऱ्या सुनेने पहिल्यांदा फोनवर विचारलं, "आई, तुम्ही दिवसभर एकट्या काय करता हो?" तेव्हा जे खरं होतं ते मी सांगितलं. म्हटलं, "डायनासोर सांभाळते." ती खळखळून हसली. तिला वाटलं, सासू विनोदी आहे. पुढे तिला कळलं की मी विनोद केला नव्हता, आणि मग ती बरेच दिवस हसली नाही.

मी हे कुणाची माफी मागायला लिहीत नाही. साठीकडे झुकलेली, महाडच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहणारी विधवा बाई रोज दुपारी कॉम्प्युटरवर डायनासोरांचं पार्क चालवते, हे ज्यांना विचित्र वाटतं त्यांना खुशाल वाटू दे. ते पार्क टिकवायला मला घरातल्या जवळजवळ प्रत्येकाशी भांडावं लागलं. मी भांडले. तेवढंच सांगायचं आहे.

आमची पाचाडला, गडाच्या पायथ्याशी खानावळ होती. गड चढायला आलेली माणसं सकाळी पोहे खाऊन वर जायची आणि उतरली की पाय पसरून जेवायला बसायची. पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. हे गल्ल्यावर बसायचे, मी चुलीपाशी. मुलगा झाला तेव्हा त्याला पाठीला बांधून मी भाकऱ्या थापल्या. सुट्टीच्या दिवशी इतकी गर्दी व्हायची की माझा स्वतःचा घास संध्याकाळपर्यंत राहून जायचा. लोक जाताना म्हणायचे, मावशी, तुमच्या हाताला चव आहे. मला ते आवडायचं. पण "आणखी काय वाढू?" हे वाक्य मी आयुष्यात जितक्यांदा बोलले, तितक्यांदा दुसरं कुठलंच बोलले नसेन.

मग एका दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या ह्यांच्या छातीत कळ आली. महाडला गाडीतून नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

एकटीने खानावळ चालवायची माझी इच्छा नव्हती. ती एका ओळखीच्या जोडप्याला दिली आणि मुलाच्या शिक्षणासाठी महाडला घेतलेल्या ब्लॉकमध्ये येऊन राहिले. मुलगा तोवर मुंबईला नोकरीला लागला होता. त्याच्या खोलीत त्याचा जुना कॉम्प्युटर होता. कंपनीने त्याला नवा लॅपटॉप दिला, म्हणून हा मोठा डबा इथेच राहिला होता. मी त्यावर भरतकामाचं झाकण घातलं होतं आणि रोज धूळ झटकायचे. त्याचा मला एवढाच उपयोग.

एकदा मला ह्यांचे फोटो बघावेसे वाटले. चांगले फोटो सगळे त्या कॉम्प्युटरात होते. मुलाला फोन केला, त्याने चालू कसा करायचा ते सांगितलं. फोटो पाहिले, रडले, डोळे पुसले. आता बंद कुठून करायचं ते विचारायचं राहिलं होतं. मी इकडेतिकडे दाबायला लागले. एका चित्रावर कवटी होती. ती दाबली आणि वाजंत्री सुरू झाली.

समोर समुद्रातलं एक बेट आलं. हिरवे डोंगर, त्यांच्या अंगावर ढग. पोलादपूरच्या घाटात श्रावणात दिसतं तसं. मला वाटलं हा सिनेमा आहे. नंतर कळलं, मुलगा कॉलेजात असताना खेळायचा तो हा खेळ. त्यात आपण एका पार्कचे मालक. जमिनीतून जुनी हाडं शोधून आणायची, प्रयोगशाळेत त्यांच्यापासून अंडी उबवायची, कुंपण घालायचं, आणि जनावर आत सोडायचं. मग ते बघायला माणसं येतात.

त्या दिवशी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मुलाने पूर्वी उबवून ठेवलेलं एक जनावर तयार होतं आणि पडद्यावर एक खूण चमकत होती. मी ती दाबली. एक लोखंडी दार वर सरकलं. आतल्या अंधारातून आधी तीन शिंगं बाहेर आली, मग डोकं, मग गाडीएवढं अंग. ती बाहेर येऊन थांबली. हो, मला ती मादीच वाटली. तिने मान फिरवून आजूबाजूला पाहिलं, पाय आपटला आणि हंबरली. रिकाम्या घरात मी मोठ्याने म्हणाले, "ये बाई, ये."

दुसऱ्या दिवशी जेवून भांडी विसळली आणि पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसले.

शिकणं सोपं नव्हतं. माझं शिक्षण दहावी, आणि पडद्यावर सगळं इंग्रजी. मुलाला फोन करून विचारलं की तो घाईत असायचा. "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर सांगतो." नंतर काही यायचं नाही. मग मी फोनमधलं ते भाषांतराचं साधन वापरायला लागले. फोन पडद्यासमोर धरायचा की इंग्रजीवर मराठी उमटतं. ती मराठीही अशी की हसू यावं. "तुमचे पाहुणे तहानलेले आहेत." "प्राण्याला गवताची उणीव भासत आहे." "कुंपण दुःखी आहे." कुंपण तुटलंय हे मी आपलं आपण समजून घ्यायचे.

हळूहळू कळत गेलं. प्रत्येक जातीची गरज वेगळी. लांब मानेच्या जनावराला उंच झाडं लागतात आणि भरपूर मोकळी जागा. तीन शिंगवालीला सोबत लागते, एकटी ठेवली की ती कुंपणाला धडका देते. दात असलेल्यांना सोबत अजिबात चालत नाही, एका आवारात दोन ठेवले की एक मरतो. कुणाला पाणी हवं, कुणाला वाळू. आजार झाला तर डॉक्टरांची गाडी पाठवायची. चारा संपला तर भरायचा. वरून माणसांचं बघायचं. त्यांना उपाहारगृह हवं, सावली हवी, संडास हवे, आणि हे सगळं जवळ हवं. नाही मिळालं की ती नाराज होतात आणि पार्कचा तारा कमी होतो. पाचाडच्या गिऱ्हाइकांना तारे देता येत नव्हते, हे आमचं नशीब.

पहिली मोठी फजिती झाली ती मांसाहारी जनावरामुळे. मी त्याला साध्या कुंपणात ठेवलं होतं. वादळ आलं, वीज गेली, आणि ते दोन पायांवर चालत, कुंपण ओलांडून, रमतगमत उपाहारगृहाच्या दिशेने निघालं. माणसं छत्र्या टाकून पळाली. मी हेलिकॉप्टर पाठवलं, बेशुद्ध करायचा बाण मारायला गेले तर तो माझ्याच तीन शिंगवालीला लागला आणि ती रस्त्यात आडवी झाली. तो मोठा तिच्याकडे बघत उभा. आता काय करावं हे त्यालाही कळेना. मला इतकं हसू आलं की पोटात दुखलं. ह्यांना जाऊन काही महिने झाले होते. त्या काळात मी अशी एकदाही हसले नव्हते.

समोरच्या ब्लॉकमधल्या बाई धावत आल्या. त्यांना वाटलं मला काहीतरी झालं. मी त्यांना पडदा दाखवला. त्यांनी बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, वर्षसुद्धा झालं नाही अजून. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"हेच, की नवरा गेला आणि ही खेळ खेळत हसतेय."

मी म्हटलं, "त्यांना वर पाठवा. मी त्यांनाही दाखवते."

बाईंना राग आला. दोन-तीन आठवडे बोलल्या नाहीत. मग सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर गुडघे शेकायला जायचं होतं, सोबत कुणी नव्हतं, म्हणून आल्या. मीही गेले. त्या पाण्यात बसल्या बसल्या त्यांनी हळूच विचारलं, "तो मोठा सापडला का हो मग?"

म्हटलं, "सापडला. आता विजेच्या कुंपणात आहे."

त्या खेळात एक मोकळी रीत असते. पैशांची, ताऱ्यांची, पाहुण्यांची अट नाही. मनाला येईल तसं बेट वसवायचं. ही रीत मला सापडली तेव्हा मी एक बेट असं केलं, की त्यावर एकही माणूस येत नाही. उपाहारगृह नाही, दुकान नाही, रस्ता नाही. डोंगर, तळं, उंच झाडं, आणि लांब मानेची जनावरं. तिथे कुणी मला काही मागत नाही. एकेका दुपारी मी तिथे काही करायचेही नाही. नुसतं बघत बसायचे.

मुलाला सुरुवातीला माझं कौतुक होतं. ऑफिसात सांगायचा, माझी आई गेमर आहे. लग्नात त्याच्या मित्रांनी मला घेरलं आणि माझ्याकडे कोणकोणते डायनासोर आहेत ते विचारलं. मी शालू नेसून सगळ्यांची माहिती दिली. हे कौतुक सुनेचे दिवस भरेपर्यंत टिकलं.

बाळंतपणाला मी डोंबिवलीला गेले. जायलाच हवं होतं, आणि मला जायचंच होतं. नात झाली. तिला पहिली आंघोळ मी घातली. तिच्या अंगाला तेल लावताना मला दुसरं काही आठवायचं नाही. डायनासोरही नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मला दगडाच्या काळजाची म्हटलं गेलं.

नात बसायला लागली. सून पुन्हा कामावर जायच्या तयारीला लागली. एकदा खालच्या मजल्यावरच्या पाळणाघरवाल्या बाई दारात आल्या होत्या. मी आत डाळ निवडत होते. सून त्यांना म्हणाली, "नाही हो, आता गरज नाही. आमच्या आई कायमच्या आल्यात. महाडचा ब्लॉक भाड्यानेच देतोय."

मी कायमची आले, हे मला असं कळलं.

संध्याकाळी मुलगा आल्यावर मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात मी घरी जाते."

"कशाला? काही काम आहे का?"

"काम नाही. घरी जाते."

"अगं पण तिथे आहे काय आता तुझं?"

अशा वेळी बायका गुडघे पुढे करतात. नाहीतर बँकेचं काम, नाहीतर बंद घराला लागलेली ओल. मलाही तसं सांगता आलं असतं, आणि कुणी काही बोललं नसतं. पण मला खोटं कारण द्यायचं नव्हतं. खोटं कारण दिलं की ते संपल्यावर परत यावं लागतं.

मी म्हटलं, "माझं पार्क आहे."

सुनेच्या हातात दुधाची बाटली होती. ती तिने टेबलावर ठेवली. "म्हणजे आमच्या मुलीपेक्षा तुम्हाला ते कॉम्प्युटरमधले प्राणी मोठे?"

"नाही. तिच्यापेक्षा मोठं मला काही नाही. पण ती तुमची मुलगी आहे. मी माझा मुलगा वाढवला. तेव्हा मला कुणी विचारलं नाही की बाई, तुला आणखी काही करायचंय का. आता कुणी विचारो न विचारो, मला करायचंय."

"खेळ खेळायचाय."

"हो. खेळ खेळायचाय."

"मग मी नोकरी सोडू?" तिचा आवाज फुटला. तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. तिच्या बाजूने तो प्रश्न खराच होता.

"मुळीच सोडू नकोस," मी म्हटलं. "पाळणाघर बघ. ती आजारी पडली तर मी त्याच गाडीने येईन. सुट्टीत तिला माझ्याकडे ठेव. पण मी कायमची येणार नाही."

मुलगा मध्ये पडला. तो म्हणाला, "बाबा असते तर त्यांना हे आवडलं नसतं."

"बाबा असते तर तू मला कायमचं बोलावलंच नसतंस. बाबांचं कसं होणार, असं म्हणाला असतास. मी एकटी राहू शकते, म्हणून तुम्हाला वाटतं मी मोकळी आहे."

त्या घरातले पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. भांडी जरा जास्त वाजायची. निघताना सून खोलीतून बाहेर आली नाही. नातीला मुलाने खाली गाडीपर्यंत आणलं. तिने माझा पदर मुठीत धरला होता, तो त्याने एकेक बोट सोडवून काढला. गाडीत मी वडखळपर्यंत रडले. पण उतरले नाही.

महाडला दार उघडलं तर घरात कोंदट वास होता आणि कॉम्प्युटरच्या झाकणावर बुरशी आली होती. खिडक्या उघडल्या, चहा केला आणि पार्क चालू केलं. सगळं होतं तिथेच होतं. मी निघाले तेव्हा तळ्याकडे पाणी प्यायला चाललेलं जनावर अजून तळ्याकडेच चाललं होतं. चारा भरलेला, कुंपणं धड. मी इतके महिने नव्हते आणि काही म्हणजे काही बिघडलं नव्हतं. आयुष्यभर जिथे जिथे मी राहिले, तिथे मी एक दिवस आजारी पडले तरी सगळं अडायचं. मला त्या न अडलेल्या पार्कची इतकी माया वाटली की चहा निवून गेला.

बातमी गावी पोचायला वेळ लागला नाही. ह्यांचं गाव कापडे. शिमग्याला मुंबईची सगळी माणसं येतात, तशी त्या वर्षीही आली. मुलगा-सून आले नाहीत. मी गेले. होळी झाली, पालखी घरी येऊन गेली, नारळ दिला. पुरणपोळ्या झाल्या आणि सगळे पडवीत बसले. माझे धाकटे दीर गावीच असतात, भाताची शेती बघतात. ते पाहुण्यांना मोठ्याने म्हणाले, "आमच्या वयनीचा आता मोठा फार्म हाय, ठावं हाय ना? राक्षस पाळते!"

सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं.

"पन मस्करी जाऊ दे, वयनी," ते पुढे म्हणाले. "आयचं आता वय झालंय. माझी बायको शेतावर असते, आयकडं दिवसभर बघायला कोन नाय. पोराकडं तर तू राहिली नायस. रिकामीच हायस. महाडचं घर बंद कर न् इथं ये."

सासूबाई आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. 

मी म्हटलं, "भावोजी, मी रिकामी नाही."

"मग काय करतेस गो दिवसभर?"

"तुम्हाला माहीत आहे. आत्ताच तर सगळ्यांना सांगितलंत."

"आता तो काय काम झाला?"

"काम नाही. खेळ आहे. तुम्ही देवळामागे पत्ते खेळता ते काय काम आहे? ही सगळी पोरं क्रिकेट खेळतात. त्यांच्या मॅचला अख्खा गाव मांडव घालतो, लाउडस्पीकर लावतो, कप ठेवतो. तिशी उलटलेले बापे दिवसभर उन्हात बॉलमागे धावतात. त्यांना कुणी म्हणतं का, की रिकामे आहात, या, म्हातारीकडे बघा?"

 एक मुंबईवाला पुतण्या फोनमध्ये बघायला लागला.

"ते वेगळं," दीर म्हणाले.

"काय वेगळं?"

दीर मग रागाने म्हणाले, "बायकांनी असा बोलायचा नसतो, एवढा मला कळतो."

"मग मला कळत नाही असं समजा. आईंना मी महाडला नेते. दवाखाना जवळ आहे, पावसाळाभर राहू देत, त्यापुढेही राहू देत. त्यांचं सगळं करीन. पण माझ्या घरी करीन, आणि दुपार माझी मला ठेवीन. इथे मी राहायला येणार नाही."

तेव्हा दाराशी बसलेल्या सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. "मला कुनी इचारनार हाय का नाय?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. खरंच कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"मी जाते हिच्यासंगती," त्या म्हणाल्या. "इथं दिवसभर भित्तीशी बोलायचं. तिथं निदान कुनाचा तरी आवाज यील."

दीर उठून अंगणात गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच आईचं गाठोडं रिक्षात ठेवलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

इथे मला असं लिहिता आलं असतं की सासूबाईंना माझं पार्क फार आवडलं आणि आम्ही दोघी मिळून डायनासोर पाळायला लागलो. तसं काही झालं नाही. पहिल्या दुपारी त्या माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्ये खरं नाय," त्या म्हणाल्या.

"नाही. खोटंच आहे."

"दूध देत न्हाईत?"

"नाही."

"नांगराला नाय, इकायला नाय, खायला नाय?"

"काहीच नाही, आई."

"मग कशापायी चारा घालतेस?"

"मला आवडतं म्हणून."

त्यांनी त्यावर डोकं खाजवलं. "मला नाय आवडला. पन तू खेळ. माझं काय जातंय?" आणि उठून बाहेरच्या खोलीत मालिका बघायला गेल्या. त्यानंतर त्या परत कधी येऊन बसल्या नाहीत. टीव्हीचा आवाज इतका मोठा ठेवायच्या, की माझ्या डायनासोरांचं ओरडणंही मला ऐकू येईना. आमची त्यावरून रोज कटकट व्हायची. आणि माझा तो मोठा दातवाला ओरडला की बाहेरून त्यांचा आवाज यायचा, "बांध गो त्याला! मला काय ऐकू यीना!"

पण दुपारी कामासाठी त्यांनी मला एकदाही हाक मारली नाही. पाणी हवं असलं तर उठून स्वतः घ्यायच्या. भिंतीला धरून, हळूहळू. एकदा मी घाईने उठले तर म्हणाल्या, "बस. तुझी दुपार हाय ना? मग बस." त्या अजून येऊनजाऊन असतात. गणपतीला कापड्याला जातात, कंटाळल्या की मला न्यायला ये म्हणून फोन करायला लावतात.

सून पुढच्या मे महिन्यात आली. मुलगी पाळणाघरात रुळली होती. माझ्याशी सूनबाई जेवढ्यास तेवढं बोलत होती. मीही ओढून ताणून गोड बोलले नाही. आंबे कापले, नातीला मांडीवर घेऊन लांब मानेची जनावरं दाखवली. तिला ती आवडली. दातवाला ओरडला तशी ती घाबरून आईकडे पळाली. मी त्याला पुन्हा तिच्यासमोर आणलं नाही.

एका दुपारी सून म्हणाली, "आई, मी जरा पडते. तुम्ही हिला बघाल?"

"चहाच्या वेळेपर्यंत बघते. मग तू बघ, मला बसायचंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता भडकते. ती म्हणाली, "चालेल. चहा मी करते मग," आणि पंखा मोठा करून झोपली. आमच्यात पूर्वीचं गूळपीठ पुन्हा झालं असं नाही. पण त्या दिवसापासून ती मला वेळ विचारून काम सांगते. कुणाशीही माझा असा करार कधी झाला नव्हता.

मागच्या पावसाळ्यात वीज फार खालीवर होत होती. एका दुपारी कॉम्प्युटरातून जळका वास आला आणि पडदा काळा झाला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि मान हलवली. आतलं सगळं गेलं होतं. बेटं गेली, जनावरं गेली, फोटो मात्र मुलाने आधीच काढून नेले होते म्हणून वाचले. मी मुलाला कळवलं. तो खरोखर हळहळला, पण म्हणाला, "आई, आता एवढी वर्षं खेळलीस. झालं की. आता जरा आराम कर."

दोन दिवस मी आराम केला. मग बाजारपेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले.

काउंटरवरच्या तरुण माणसाने हसून विचारलं, "काय हवं काकी? नातवासाठी का?"

"माझ्यासाठी."

"बरं बरं. साधा घ्या मग. व्हिडिओ कॉल, यूट्यूब, भजनं, सगळं चालतं त्यात."

"मला त्यावर डायनासोरांचं पार्क चालवायचंय," मी म्हटलं, आणि खेळाचं नाव सांगितलं. "पाऊस पडताना अडखळता कामा नये. आणि जनावरं जास्त झाली की जुना गरम व्हायचा, तसं नको."

तो थांबला. दुकानात आणखी दोघं-तिघं होते, तेही थांबले. मला वाटलं, आता हा हसेल, आणि मी उत्तर तयार ठेवलं. पण त्याने पुढ्यातली वही बाजूला सारली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "म्हणजे काकी, ग्राफिक कार्ड चांगलं लागेल. किती जनावरं असतात एका वेळी?"

माझं तयार ठेवलेलं उत्तर वाया गेलं. आम्ही मग बराच वेळ कार्डांबद्दल बोललो. पैसे माझे होते, मी दिले.

नव्या कॉम्प्युटरवर बेट रिकामं होतं. सगळं पहिल्यापासून. मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलं नाही. या वेळी विजेचं कुंपण आधी घातलं.

परवा धाकटे दीर बाजाराला आले होते. खताचं पोतं खाली ठेवून वर चहाला आले. नवा कॉम्प्युटर बघून म्हणाले, "परत घेतलास?"

"घेतला."

"किती दिवस चालायचा हा?"

"डोळे चालतील तोवर."

त्यांनी कप खाली ठेवला. मग आईंच्या गोळ्यांची चौकशी केली आणि निघाले. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडलं, दार लावलं आणि आत आले. पाठीवर हाडांचं चिलखत असलेलं एक जनावर उबवून तयार होतं. दार उघडायची खूण चमकत होती. मी खुर्ची पुढे ओढली.